विश्लेषण : शेतकऱ्याचे नाव एक, नोंदी पाच, ओळख क्रमांकाने घोळ मिटणार का?

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने जातो. वरंधा घाट येण्याआधी वाटेत हिर्डोशी लागते. हा हिरडस मावळचा मुलूख. भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरई, पावसाळ्यात दरडींमुळे अधूनमधून बंद होणारा घाट. या गावाचे नाव कोणी ‘हिर्डोशी’ लिहितो, कोणी ‘हिरडोशी’. माणसाला त्यात काही अडत नाही. टपाल बरोबर पोहोचते, एसटीही बरोबर थांबते. संगणकाला मात्र ही दोन गावे वाटतात.

गावाचे जे होते तेच गावातल्या शेतकऱ्याचे होते. समजा, एका खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर ‘बाळू धोंडू’ असे आहे. आधार कार्डावर ते ‘बाळासाहेब धोंडिबा’ झाले. सोसायटीच्या कर्जखात्यात ‘बाळकृष्ण’, बँकेच्या पासबुकावर इंग्रजीतून मराठीत येताना ‘बालू’, आणि पीक विम्याच्या पावतीवर वडिलांचे नावच गळाले. माणूस एक, शेत एक, नोंदी पाच. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार, असे बारा हजार रुपये या पाच नावांच्या जुळणीवर अवलंबून असतात. नुकसानभरपाई, पीक कर्ज आणि विमा तर वेगळेच.

केंद्राच्या ‘ॲग्रीस्टॅक’ उपक्रमातून मिळणारा शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे ‘फार्मर आयडी’ हा घोळ मिटवण्यासाठी आला आहे. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक करण्यात आला. अकरा अंकी क्रमांक मिळाला की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात खरे काम क्रमांक दिल्यानंतर सुरू होते.

मास्टर डेटा म्हणजे काय?

कंपन्यांच्या भाषेत या कामाला ‘मास्टर डेटा मॅनेजमेंट’ म्हणतात. हिंजवडीच्या अनेक कार्यालयांत परदेशी बँका आणि विमा कंपन्यांसाठी हेच काम रोज चालते. एखाद्या कंपनीत रोज हजारो व्यवहार होतात, पण ते ज्यांच्याभोवती फिरतात त्या गोष्टी मोजक्याच असतात: ग्राहक, माल, पुरवठादार, शाखा. ही पायाभूत माहिती म्हणजे मास्टर डेटा. विक्री विभागाकडे ग्राहकाचा एक पत्ता, वसुली विभागाकडे दुसरा आणि तक्रार कक्षाकडे तिसरा असेल तर बिल एकीकडे जाते आणि नोटीस दुसरीकडे. म्हणून सर्वांनी मानावी अशी एकच प्रमाण नोंद तयार करायची. तिला या धंद्यात ‘गोल्डन रेकॉर्ड’ म्हणतात.

सॉफ्टवेअर विकत घेऊन हे साधत नाही, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांना पक्के ठाऊक असते. अनेक प्रकल्प फसतात ते वेगळ्याच प्रश्नांवर. ‘ग्राहक’ कोणाला म्हणायचे? पत्ता चुकला तर तो बदलण्याचा अधिकार कोणाचा? बदललेला पत्ता बाकीच्या विभागांत किती दिवसांत पोहोचणार? गावपातळीवर हेच प्रश्न अधिक टोकदार होतात, कारण येथे विभाग म्हणजे महसूल, भूमी अभिलेख, कृषी, बँका आणि आधार प्राधिकरण. त्या सगळ्यांवर एक व्यवस्थापकीय संचालक बसलेला नसतो.

दोन कर्जमाफ्या, दोन अनुभव

या विषयाचा सर्वात बोलका धडा महाराष्ट्राने आधीच घेतला आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार २२ कोटी रुपये, असा आकडा तेव्हा सांगण्यात आला. लाभाचा एकक होता कुटुंब, म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी ६६ रकान्यांचा तक्ता भरून द्यायचा आणि मग दोन्ही याद्या संगणकावर ताडून पाहायच्या, अशी रचना होती.

अडचण पहिल्याच पायरीवर होती. बँकेकडे ‘कुटुंब’ नावाची नोंदच नसते, तिच्याकडे खाते असते. अर्जात कुटुंब आणि बँकेच्या तक्त्यात खाते, अशा दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकमेकींशी जुळवायच्या होत्या. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि पाठोपाठ याद्यांतील गोंधळ समोर आला. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे होती, खाते क्रमांक चुकले होते. चूक बँकांच्या माहितीत की संगणकीय छाननीत, यावर बरेच दिवस वाद चालला. शेतकरी तोवर बँकेच्या दारात उभा होता.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली तेव्हा क्रम उलटा केला गेला. अर्ज भरून घेतलेच नाहीत. एकक कुटुंब नव्हे तर वैयक्तिक शेतकरी ठरला. बँकांनी आधी कर्जखाती आधारशी जोडायची, मग माहिती अपलोड करायची. प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा, रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे. मान्य नसेल तर तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, ती ६८ गावांतील १५ हजार ३५८ खात्यांची. आधी थोड्या गावांत करून पाहायचे, मग राज्यभर, हा शहाणपणा तेव्हा दिसला.

दोन्ही वेळी बँका त्याच होत्या आणि शेतकरीही बहुतांशी तेच. तंत्रज्ञानही अडीच वर्षांत फारसे बदलले नव्हते. फरक पडला तो एकक आधी ठरवण्याने, मूळ नोंद जेथे आहे तेथेच ती दुरुस्त करून घेण्याने आणि ‘हे चूक आहे’ असे म्हणायला शेतकऱ्याला जागा देण्याने.

ॲग्रीस्टॅकमध्ये नेमके काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. ॲग्रीस्टॅक त्याचाच भाग. त्यात तीन पायाभूत संच आहेत: शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे भूसंदर्भित नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही. कोण, कुठे आणि काय पेरले, असे साध्या शब्दांत म्हणता येईल. शेतकऱ्याची ओळख आधारवरून घ्यायची, त्याच्या गटांची माहिती सातबाऱ्यावरून आणायची आणि दोन्हींची गाठ ओळख क्रमांकाने बांधायची. कर्नाटकाने ‘फ्रूट्स’ या प्रणालीतून अशी नोंदवही आधीच उभी केली होती.

फायदा काय, याचे उत्तर २०२५ च्या पावसाळ्यात मिळाले. सप्टेंबरमधील अतिवृष्टीनंतर मदत वाटताना ॲग्रीस्टॅकमध्ये नोंद असलेल्या शेतकऱ्यांसाठी वेगळ्या ई-केवायसीची अट शिथिल करण्यात आली. पाणी शेतात असताना अंगठा लावायला केंद्रावर रांग लावावी लागत नसेल, तर पायाभूत माहितीचा उपयोग काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्याची नोंद नाही किंवा अर्धवट आहे, त्याला मात्र जुनी वाट.

शेतकरी म्हणजे कोण?

कुटुंब की खाते, हा २०१७ चा प्रश्न येथे नव्या रूपात येतो. ओळख क्रमांक जमीन नावावर असणाऱ्याला मिळतो. हिर्डोशीसारख्या खोऱ्यात घरटी कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला नोकरीला असतो. सातबारा त्याच्या नावाने, भातलावणी आणि काढणी मात्र गावात राहिलेल्या बाईच्या अंगावर. खाचर दुसऱ्याला वाट्याने दिले असेल तर पेरणारा आणखी वेगळा. आधारशी जोडलेला मोबाइल मुंबईत आणि ओटीपी मागणारे केंद्र भोरमध्ये, हे चित्र मावळात नवे नाही.

व्याख्या चूक आहे असे नाही. जमिनीशी जोडलेल्या योजनांसाठी खातेदार हाच सोयीचा एकक आहे. पण नोंदवहीला ‘शेतकऱ्यांची’ म्हटले की पेरणारे हातही तीत धरलेले आहेत असे वाटते, आणि ते तसे नाही. नुकसान कसणाऱ्याचे होते आणि मदत खातेदाराच्या खात्यात जाते, तेव्हा संगणकाच्या दृष्टीने सगळे बिनचूक असते.

कोणत्या रकान्याचा मालक कोण?

मास्टर डेटाच्या कामात सर्वात कंटाळवाणी आणि सर्वात महत्त्वाची बैठक हीच असते. प्रत्येक रकान्यापुढे एकाच विभागाचे नाव लिहायचे. शेतकऱ्याचे कायदेशीर नाव आणि जन्मतारीख यासाठी आधार. जमिनीवरचा हक्क यासाठी महसूल विभागाचा गाव नमुना सात. क्षेत्र आणि हद्द यासाठी भूमी अभिलेख, म्हणजे आकारबंद आणि नकाशा. पिकासाठी गाव नमुना बारा, जो २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून भरतो. आणि खाते क्रमांकासाठी बँक.

कागदावर ही वाटणी सरळ दिसते. भांडण लागते ते दोन विभागांचे एकाच गोष्टीबद्दल दोन आकडे निघाल्यावर. सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि आकारबंदातील क्षेत्र यांचा मेळ न बसणे हा राज्यातला जुना रोग आहे. धरणाच्या मुलखात तो अधिक संभवतो. भूसंपादनात गटाचा एक तुकडा जातो, उरलेल्याचे क्षेत्र बदलते. मग मोजणी, कमी-जास्त पत्रक, त्यावरून फेरफार, अशी साखळी पूर्ण व्हावी लागते. साखळीची एक कडी राहिली की कागदावर जमीन आहे आणि तिच्यावर पाणी आहे, असा प्रकार होतो. अशा गटाला अकरा अंकी क्रमांकाशी जोडल्याने चूक सुटत नाही. उलट ती आता एका नव्या, अधिकृत दिसणाऱ्या जागी जाऊन बसते.

महाराष्ट्राला हे माहीत आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर घेतल्यानंतर दोन्ही प्रती जुळत नाहीत, हे लक्षात आल्यावर गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचून दाखवायचा आणि चुका टिपायच्या. मग ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ अशा दोन फेऱ्यांत दुरुस्त्या झाल्या. तेवढे झाल्यावरच १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. परदेशी सल्लागार कंपन्या ज्याला ‘डेटा क्लीन्सिंग’ म्हणून मोठे बिल लावतात, ते काम येथे चावडीवर सतरंजी टाकून झाले. तलाठ्यांनी त्या काळात रात्री-रात्री जागून, सर्व्हर चालेल तेव्हा नोंदी भरल्या. ते तलाठी आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहेत. गावात अजून भाऊसाहेबच.

नावे जुळवताना

आधारवरील आणि सातबाऱ्यावरील नाव किती जुळते, हे शेतकरी नोंदणीत गुणांवरून पाहिले जाते. मराठीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत येताना ‘ळ’ चा ‘ल’ होतो, अनुस्वार गळतो, ‘राव’ आणि ‘बा’ येतात-जातात. म्हणून शंभर टक्के जुळणी मागितली तर अर्धे गाव बाहेर राहील.

पण जाळे सैल केले तर दुसराच धोका. डोंगरी गावांत एकाच भावकीची घरे अधिक. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असणारी दोन माणसे एकाच गावात सहज सापडतात. अशा दोघांना संगणकाने एक मानले, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसू लागते. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर हेलपाटे होतात. दोन माणसे एकात मिसळली तर वाद कोर्टात जातो. जुळणीचे गुण कितीही आले तरी संशयाच्या नोंदीवर माणसाची नजर फिरलीच पाहिजे, आणि ती नजर गाव ओळखणाऱ्याची हवी. तालुक्याच्या खोलीत बसलेल्या कंत्राटी ऑपरेटरला दोन ‘बाळू धोंडूं’मधला फरक कळणार नाही. तो पोलीस पाटलाला कळतो.

सातबाऱ्यावरचे मृत

सर्वात अवघड गाठ मात्र नावांची नाही, काळाची आहे. खातेदार वारला आणि वारस नोंद झाली नाही, की सातबारा मृत माणसाच्या नावाने पुढे चालू राहतो. मृताला आधारची ओटीपी देता येत नाही. त्यामुळे त्या गटासाठी ओळख क्रमांक निघत नाही, आणि तिघा-चौघा वारसांपैकी एकालाही त्या जमिनीवर योजना मिळत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात १ मार्च २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि १ एप्रिलपासून ती राज्यभर नेण्यात आली. गावातील मृत खातेदारांची यादी करायची, चावडीवर वाचायची, वारसांची कागदपत्रे घ्यायची आणि फेरफार मंजूर करायचा. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून थोरल्या भावाचे नाव लागलेले आणि धाकट्यांची कधी चढलेलीच नाहीत, ही ‘एकुम’ची नोंद अनेक सातबाऱ्यांवर आहे. मालक केव्हाच साठीला आला तरी त्याच्या नावापुढे अज्ञान पालनकर्त्याचा ‘अपाक’ शेरा तसाच, हेही दिसते. या शेऱ्यांना गावात कोणी हसत नाही. त्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले असतात.

येथेच सरकारी मोहिमेची मर्यादाही दिसते. वारसांत वाद असेल तर कोणताही कर्मचारी मोहिमेच्या मुदतीत तो सोडवू शकत नाही. लक्ष्य पूर्ण करण्यासाठी सोपी प्रकरणे आधी उरकली जातात, ते स्वाभाविक आहे. जी मागे राहतात त्यांचीच गरज मोठी असते.

गावाला कोड कशाला?

माणसाप्रमाणे गावालाही न बदलणारी ओळख लागते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत, म्हणजे ‘एलजीडी’मध्ये, प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका आणि गावाला क्रमांक आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत हा कोडही छापला जाऊ लागला. हिर्डोशी लिहा किंवा हिरडोशी, कोड एकच. शेजारच्या वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले. लोक दोन्ही नावे वापरतात आणि जुन्या कागदांवर वेल्हेच राहणार. नाव बदलले तरी कोड बदलायचा नाही, हे तत्त्व पाळले की जुन्या-नव्या नोंदी एकमेकींना सापडतात. गावागावांतील बुद्रुक-खुर्द आणि राज्यभर पसरलेली वडगावे यांचाही निकाल त्यातच लागतो.

जमिनीच्या तुकड्यासाठी अशीच सोय केंद्राने २०२१ मध्ये आणली. ‘यूएलपिन’ किंवा भू-आधार हा चौदा अक्षरांचा क्रमांक तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून निघतो. अर्थात त्यासाठी नकाशा आधी जमिनीवर नीट बसावा लागतो. डोंगरउतारावरील लहान, वेड्यावाकड्या खाचरांत ते सपाट मुलखाइतके सोपे नाही.

दुरुस्ती पुढे जाते का?

एस्टोनिया या छोट्या देशात नागरिकाकडून एकदा घेतलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये, असे तत्त्व आहे. तिथले विभाग २००१ पासून ‘एक्स-रोड’ या जोडणीतून ती एकमेकांकडून घेतात. आपल्याकडे उलट चालते. आधारवर नाव दुरुस्त झाले तरी बँकेत वेगळा अर्ज, सोसायटीत वेगळा, पीएम किसानसाठी पुन्हा वेगळा. ओळख क्रमांकाचे यश मोजायचे तर किती क्रमांक वाटले या आकड्याने मोजू नये. एका खातेदाराचा फेरफार मंजूर झाल्यावर तो बदल त्याच्या शेतकरी नोंदीत, पीक नोंदीत आणि बँकेत किती दिवसांत दिसला, हे मोजावे. हा आकडा दर महिन्याला तालुकावार जाहीर झाला, तर कोणाकडे अडले ते कळेल. सध्या चर्चा होते ती टक्केवारीत नोंदणी किती झाली याचीच.

कामाचा भारही पाहावा लागेल. महसूल, कृषी आणि ग्रामविकास अशा तीन विभागांची माणसे या नोंदणीत आहेत. चुकीची नोंद झाली तर उत्तर कोणी द्यायचे, हे तिघांपैकी एकावर नेमून दिले नसेल, तर शेतकरी तिघांकडेही फिरतो.

आत्ता काय तपासावे?

ओळख क्रमांक मिळाला असला तरी आपले सर्व गट त्यात आले आहेत का, हे पाहणे सर्वात गरजेचे आहे. दुसऱ्या गावात किंवा सामाईक खात्यात असलेली जमीन सुटू शकते. सातबारा आणि आठ-अ ताजे काढून त्यांच्याशी ताडावे. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार असल्यास तोही दिसतो. नाव किंवा क्षेत्र लिहिताना हस्तदोष झाला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यासोबत जुना हस्तलिखित उतारा किंवा मूळ फेरफाराची नक्कल जोडावी लागते. वारस नोंदीसाठी ‘ई-हक्क’ प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करता येतो. नोंद धरल्यानंतर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. भावकीपैकी कोणी मुंबईला असेल, तर नोटिशीची मुदत सुरू होण्याआधी त्याला फोन केलेला बरा.